क्लीन ईटिंग की अधूनमधून जंक फूड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखर, मैदा, दूध, गहू सगळं सोडा म्हणणारे एका बाजूला आणि ‘सगळं खा, फक्त प्रमाणात खा’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मधे अडकलेत ते रोज स्वयंपाक करणारे, डबा नेणारे, मुलं वाढवणारे लोक. आहाराचा सल्ला देताना हेच प्रश्न माझ्यापुढे पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगते. आठवड्यातून एकदा गाडीवर उभं राहून खाल्लेल्या वडापावाने निरोगी माणसाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते घरातल्या डब्यांत बारमाही भरून ठेवलेल्या बिस्किटांनी, टोस्टांनी आणि फरसाणाने. त्यांना आपण जंक फूड म्हणतच नाही.

‘क्लीन ईटिंग’ म्हणजे नेमकं काय?

याची शास्त्रीय व्याख्या नाही. प्रत्येक जण आपापली यादी करतो. कुणाच्या यादीत फक्त पाकिटं वर्ज्य असतात, कुणी गहू-दूधही काढून टाकतो, कुणाला फोडणीही नको असते. यातला चांगला भाग एवढाच, की ताजं, घरी शिजवलेलं, धान्य-डाळी-भाज्या-फळं असलेलं अन्न खावं. त्यावर कुणाचाच वाद नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारसूत्रं प्रसिद्ध केली, तीही हेच सांगतात. वाद सुरू होतो तो ‘स्वच्छ’ नसलेलं अन्न म्हणजे विष, असं कुणी म्हणायला लागलं की.

मग जंक फूड कशाला म्हणायचं?

दोन मोजपट्ट्या आहेत. पहिली जुनी: ज्यात तेल-तूप, साखर किंवा मीठ खूप आहे ते. दुसरी पट्टी ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये मांडली. तिला ‘नोव्हा’ वर्गीकरण म्हणतात. पदार्थात काय आहे यापेक्षा त्याच्यावर कारखान्यात काय काय झालं हे ती बघते. पहिल्या गटात भाजी, तांदूळ, डाळ, दूध, अंडी. दुसऱ्यात तेल, तूप, साखर, मीठ. तिसऱ्यात या दोहोंपासून साध्या पद्धतीने केलेले पनीर, लोणचं असे पदार्थ. आणि चौथ्यात अतिप्रक्रिया केलेले, म्हणजे स्वयंपाकघरात कधीच न सापडणारे घटक घालून बनवलेले. माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पूड), इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ), कृत्रिम स्वाद, रंग ही त्यांची ओळख.

आता वडापाव या पट्ट्यांवर ठेवून बघा. वडा म्हणजे बटाटा, बेसन, लसूण, मिरची, तेल. तेल भरपूर, त्यामुळे पहिल्या पट्टीवर तो नापास. दुसऱ्या पट्टीवर मात्र वडा घरच्या कुठल्याही तळणीसारखाच आहे. पाव कुठल्या बेकरीतून येतो त्यावर त्याचा गट ठरतो. क्रीमचं बिस्कीट दोन्ही पट्ट्यांवर नापास होतं. तरी बाळ रांगायला लागलं की आपण त्याच्या हातात बिस्कीटच देतो.

वडापावापेक्षा बिस्कीट वाईट? हे पटत नाही.

हिशेब मांडून बघा. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी असतात. आठवड्यातून एकदा खाल्ला तर आठवड्याच्या ३००.

आता सकाळ-संध्याकाळचा चहा घ्या. दोन्ही वेळा चार-चार मारी बिस्किटं, म्हणजे दिवसाला आठ. एका बिस्किटात साधारण २५ कॅलरी धरल्या तर दिवसाच्या २०० आणि आठवड्याच्या १,४००. शिवाय ‘साध्या’ मानल्या जाणाऱ्या या बिस्किटांत १०० ग्रॅममागे २० ते २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे आठ बिस्किटांतून दहाएक ग्रॅम. दोन कप चहात दोन-दोन चमचे साखर, ती आणखी वीसेक ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत आणलीत तर उत्तम. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. ही मर्यादा नुसत्या चहा-बिस्किटांत ओलांडली गेली, आणि त्या माणसाच्या लेखी त्याने दिवसभरात ‘गोड काही खाल्लंच नाही’.

म्हणून मी पहिल्या भेटीत ‘बाहेर किती वेळा खाता’ हे विचारत नाही. चहाबरोबर काय घेता, ते विचारते. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई, शेव अशी उत्तरं येतात, आणि पुढचा निम्मा सल्ला तिथेच ठरतो.

‘प्रमाणात खा’ हा सल्ला मग चुकीचा आहे का?

चुकीचा नाही, अर्धवट आहे. कशाचं प्रमाण आणि ते राखायचं कसं, हे त्यात कुणी सांगत नाही.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २० माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं जेवण, दोन आठवडे साधं घरगुती वळणाचं. दोन्ही जेवणांत समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, मीठ आणि तंतू सारखे ठेवले होते आणि पोट भरेल तितकं खायची मुभा होती. पाकिटबंद वळणाच्या जेवणावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, शिवाय भराभर खात होती. दोन आठवड्यांत वजन साधारण ०.९ किलोने वाढलं आणि साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. या माणसांना हाव सुटली होती असं नाही. मऊ, पटकन गिळता येणारं, थोडक्या आकारात खूप ऊर्जा असलेलं अन्न समोर आलं, की पोट भरल्याचं कळायच्या आत माणूस जास्त खाऊन बसतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२५ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यात ५५ जणांना दोन्ही प्रकारचा आहार आठ-आठ आठवडे दिला, पण तिथल्या सरकारी आहारसूत्रांत बसवून. वजन दोन्ही आहारांवर घटलं: कमी प्रक्रियेच्या आहारावर सुमारे २ टक्के, अतिप्रक्रियेच्या आहारावर सुमारे १ टक्का. म्हणजे पाकीट फोडलं की लगेच आजार, असं काही नाही. पण ओढ कुठल्या दिशेला आहे ते स्पष्ट दिसतं.

म्हणून मी प्रमाण मनाच्या निग्रहावर सोपवत नाही, जागेवर सोपवते. जंक जे खायचं ते बाहेर जाऊन, एकाचं एक विकत घेऊन, तिथेच खायचं. घरात साठा नाही. गाडीवर दुसरा वडा मागायचा तर पुन्हा पैसे काढावे लागतात, चार माणसं बघत असतात. घरात टीव्हीसमोर बसून फरसाणाची अर्ध्या किलोची पिशवी संपवताना कुणीच अडवत नाही. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲप्समुळे ही भिंतही पातळ झालीय. रात्री दहानंतर ती उघडायची नाहीत, हा नियम मी अनेकांना सांगते.

म्हणजे पाकिटातलं सगळंच टाळायचं?

नाही. पिशवीतलं दूध, विरजणाचं दही, पोहे, रवा, डाळी, फ्रोझन मटार, भाजलेले शेंगदाणे हेही पाकिटातच येतात. परदेशात राहणाऱ्या आणि फ्रोझन भेंडी, फ्रोझन मेथी वापरावी लागणाऱ्या मंडळींनी अपराधी वाटून घेऊ नये. गोठवलेल्या भाजीत पोषण चांगलं टिकतं. अतिप्रक्रियेच्या पदार्थांतही फरक आहे. मोठ्या लोकसमूहांच्या अभ्यासांत साखरेची पेयं आणि सॉसेज-सलामीसारखं मांस यांचं आजारांशी नातं ठळक दिसतं, ब्रेड आणि सिरिअल्सचं तितकं नाही. काहीतरी पहिलं सोडायचंच असेल तर कोल्ड्रिंक सोडा. ३०० मिलिलीटरच्या एका बाटलीत ३० ग्रॅमहून जास्त साखर असते आणि ती चावावीही लागत नाही.

लेबल कसं वाचायचं?

पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूला शेतं, गव्हाच्या लोंब्या आणि हसरी आजी असते. खरी माहिती मागे, बारीक अक्षरांत, घडीच्या शिवणीजवळ. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून पहिली तीन नावं वाचली तरी पदार्थ कळतो. ‘मल्टिग्रेन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बिस्किटांच्या यादीत पहिला मैदा, मग साखर आणि पामतेल. नाचणी, ओट्स आणि ज्वारी खूप खाली, कंसात दोन-तीन टक्के. ब्राऊन ब्रेडचंही तसंच. पहिलं नाव मैद्याचं असेल आणि पुढे कुठे कॅरॅमल रंग दिसला, तर तो रंगवलेला पांढरा ब्रेड आहे.

साखर एकाच नावाने येत नाही. इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, फळांचा अर्क अशी वेगवेगळी नावं लावली, की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं. म्हणून पोषणाच्या तक्त्यातली साखरेची ओळ बघा, आणि तीही ‘१०० ग्रॅममागे’ या रकान्यात. ‘एका सर्व्हिंगमागे’ हा रकाना फसवा, कारण दोन बिस्किटांची सर्व्हिंग कंपनीच ठरवते.

मिठाच्या जागी सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम मीठ, म्हणजे २,००० मिलिग्रॅम सोडियम. मसाला नूडल्सच्या एका छोट्या पाकिटात साधारण २ ग्रॅम मीठ जातं.

आणि पुढच्या बाजूच्या दाव्यांवर विसंबू नका. पाण्यात अर्क मिसळून केलेल्या फळांच्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं छापू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२४ मध्ये कंपन्यांना बजावावं लागलं. त्याच वर्षी केंद्राने ई-कॉमर्स कंपन्यांना मुलांची माल्ट पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली विकू नका असं सांगितलं. तोवर एक अख्खी पिढी ते दुधात ढवळून पीत मोठी झाली होती.

साखरेऐवजी गूळ, साध्या मिठाऐवजी सैंधव, हे बदल किती उपयोगी?

गूळ चवीला आवडत असेल तर खा. पण गूळही बहुतांशी साखरच आहे, कॅलरी जवळपास सारख्याच, आणि रक्तातली साखरही तो वाढवतोच. त्यात थोडं लोह असतं हे खरं, पण त्यासाठी खावा लागणारा गूळ फार होईल. मधाचं आणि खजुराच्या पाकाचंही तेच.

सैंधवाबद्दल मी जास्त कडक आहे. त्यात सोडियम साध्या मिठाइतकंच असतं, आणि आयोडीन वरून घातलेलं नसेल तर नगण्य. गलगंडामुळे आणि गरोदरपणातल्या आयोडीनच्या कमतरतेमुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणाऱ्या परिणामांमुळे आपल्या देशाने खाण्याच्या मिठात आयोडीन सक्तीचं केलं. उपवासाला सैंधव वापरा, रोजच्या भाजीत नको. घरात कुणी गरोदर असेल तर मुळीच नको.

गहू आणि दूध बंद केल्यावर हलकं वाटतं. कायमचं सोडू का?

सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार असेल, तर गहू शंभर टक्के सोडायला हवा. पण तो रक्ततपासणीने आणि डॉक्टरांकडूनच ठरतो, आणि तपासणीआधी गहू सोडला तर निदान चुकू शकतं. दुधाने पोट बिघडत असेल तर ताक-दही पचतं का बघा, पुष्कळांना पचतं. गहू सोडल्यावर हलकं वाटतं त्याचं कारण बऱ्याचदा असं, की गव्हाबरोबर ब्रेड, बिस्किटं, केक आणि खारीही सुटलेली असते.

ज्वारी-बाजरीच्या भाकरीत मुळातच ग्लुटेन नाही. ती जरूर खा, पण चवीसाठी आणि तंतूंसाठी, भीतीपोटी नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपल्या ताटातली मोठी अडचण काय कमी करायचं ही नाही. डाळी, पालेभाज्या, अंडी, मासे पुरेसे वाढले जात नाहीत, ही आहे. अशा घरात दूध आणि पोळी काढून टाकायचा सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो.

मिसळ, भेळ, पाणीपुरी यातलं काय त्यातल्या त्यात बरं?

मिसळीला जंक म्हणणं मला मान्य नाही. खाली मोड आलेल्या मटकीची उसळ असते, त्यात प्रथिनं आणि तंतू दोन्ही. जड होते ती वरच्या फरसाणाने आणि तर्रीच्या तवंगाने. उसळ जास्त मागा, फरसाण कमी, तर्री वेगळ्या वाटीत घ्या, दोन पावांवर थांबा. पोटभर जेवण होतं. ओली भेळही तशी हलकी: कुरमुरे, कांदा, टोमॅटो, कैरी, कोथिंबीर. शेवपुरीत तळणीचा वाटा जास्त.

पावसाळ्यात मात्र कॅलरींचा विचार मागे ठेवा. कढईतून थेट हातात आलेला वडा किंवा कांदाभजी तेव्हा पाणीपुरीपेक्षा सुरक्षित, कारण विषमज्वर आणि कावीळ पाण्यातून पसरतात, उकळत्या तेलातून नाही. तेलाकडे बघून घ्या. काळपट, चिकट, फेसाळणारं, सतत धुरकटणारं तेल दिसलं की पुढच्या गाडीवर जा. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक संयुगं साठत जातात. ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायला कायद्याने बंदी आहे. खाणं वर्तमानपत्रात बांधून देण्यालाही बंदी आहे, कारण शाई गरम तेलात उतरते. ‘दादा, कागद नको, पानावर द्या’ असं म्हटलं की बहुतेक गाडीवाले लगेच देतात.

घरी केलेलं असेल तर फराळ, पुरणपोळी, साबुदाण्याची खिचडी चालते ना?

सणाला खा आणि मनापासून खा. पुरणपोळीवर तूप घेताना कॅलरी मोजणाऱ्या माणसाची मला काळजी वाटते. पण घरचं आहे म्हणून ते रोजचं होत नाही. दोन चकल्या, एक करंजी आणि वाटीभर चिवडा मिळून एका जेवणाइतक्या कॅलरी सहज होतात, आणि फराळ आपण जेवणाऐवजी खात नाही, जेवणाशिवाय खातो. पूर्वी तो वर्षातून एकदा घडायचा. आता चकली-शेव बाराही महिने घरगुती उद्योगांकडून, किलोवर मिळते. पदार्थ तोच आहे, खाण्याची वारंवारिता बदलली.

साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिनं नावालाच. दाण्याच्या कुटामुळे खिचडीला थोडा आधार मिळतो. आठवड्यातले दोन उपवास करून दोन्ही वेळा खिचडी, बटाट्याचा चिवडा आणि वेफर्स खाणाऱ्यांना ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण तंतोतंत लागू पडते. वरीचे तांदूळ, राजगिरा, ताक, फळं, भोपळ्याची किंवा रताळ्याची भाजी असा उपवास चांगला.

पापड, लोणचं, सुकट-बोंबील, गोव्याकडचं चोरीस यांनाही पारंपरिक म्हणून सूट नाही. यांत मीठ प्रचंड असतं. चोरीस तर खारवलेलं, धुरी दिलेलं मांस आहे. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केलं. यात ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा. फेस्ताला किंवा महिन्यातून एखाद्या रविवारी चोरीस-पाव खाणाऱ्याने घाबरू नये.

मुलांना चिप्स-चॉकलेट अजिबात द्यायचं नाही का?

दोन वर्षांपर्यंत अजिबात नाही. त्या वयात मूल मागत नाही, आपणच सवय लावतो.

पुढे मात्र पूर्ण बंदी उलटते. फिशर आणि बर्च या संशोधकांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर केलेल्या प्रयोगात एक खाऊ डोळ्यांसमोर ठेवून त्याला मनाई केली. मुलांचं सगळं लक्ष त्याच खाऊकडे लागलं. मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. फडताळात चॉकलेटं ठेवून ‘हात लावायचा नाही’ असं म्हणू नका. घरात ठेवूच नका. आणि वाढदिवसाला, जत्रेत, मामाकडे गेल्यावर मिळालं तर शांतपणे खाऊ द्या, खाताना प्रवचन नको.

‘भाजी संपवलीस तर आईस्क्रीम’ हा सौदा बंद करा. त्यातून मूल एकच शिकतं, की भाजी ही शिक्षा आणि आईस्क्रीम हे बक्षीस. नवी भाजी मुलाने नाकारली तर दहा-बारा वेळा, थोडी थोडी, वेगवेगळ्या रूपात पुढे करत राहा. पालकाचं थालीपीठ चालतं, दुधीचा पराठा चालतो. बाबांनी तीच भाजी तोंड वाकडं न करता खाल्ली तर सगळ्यात जास्त चालतं.

शाळेचा मुद्दा पालकसभेत आवर्जून काढा. खूप तेल-साखर-मिठाचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मनाई आहे. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, म्हणजे कुठल्या पेयात किती साखर हे मुलांना दिसेल असा फलक. राज्य मंडळाच्या शाळांनी तो लावायला कुणाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही.

क्लीन ईटिंग परवडतं का?

किन्वा, ॲव्होकॅडो, ब्लूबेरी, बदामाचं पीठ अशी यादी केली तर नाही. पण ती यादी आपली नव्हेच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पेरूत संत्र्याच्या जवळपास चौपट क जीवनसत्त्व असतं. शेंगदाण्यात पावहिस्सा प्रथिनं असतात. हे सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात आणि मंडईत मिळतं.

पैशांपेक्षा महाग आहे तो वेळ, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. ताज्या अन्नाचा आग्रह धरणारा घरातला एक असतो आणि मेथी निवडणारी दुसरी. सकाळी डबे, संध्याकाळी ऑफिसातून येऊन पुन्हा पोळ्या, त्यात ‘पाकिटातलं नको’ हा नवा नियम. अशा बाईने एखाद्या रात्री नूडल्स केल्या तर तिला दोष देणाऱ्याने आधी ओट्यापाशी उभं राहावं. माझा सल्ला असा, की आहार बदलायचा असेल तर घरातल्या प्रत्येक धडधाकट माणसाने आठवड्यातल्या ठरावीक जेवणांची जबाबदारी घ्यावी. निदान कुकर लावणं, भाजी चिरणं, कडधान्यं भिजत घालणं एवढं तरी. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, मोड आलेली मटकी, उकडलेली अंडी, इडलीचं पीठ हातांशी असलं की वीस मिनिटांत जेवण होतं. पिठलं-भात तर त्याहून लवकर.

दीक्षित की दिवेकर?

डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा आणि मधे काही खाऊ नका. ही मांडणी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर उभी आहे. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात स्थानिक, ऋतूनुसार, आजीच्या पद्धतीचं खा, भाताला आणि तुपाला घाबरू नका. व्हॉट्सॲपवर यावरून कुटुंबं भांडली. मला दोघांमधलं साम्य महत्त्वाचं वाटतं. दोघांचंही ऐकलं तर दुपारी चारचं बिस्कीट आणि संध्याकाळचं फरसाण जातं. ज्यांना फरक पडला, त्यातल्या पुष्कळांना तो तिथेच पडला असावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं घेत असाल तर जेवणांची संख्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

‘चीट डे’ ठेवावा का?

नको. दिवसभर हवं ते, हवं तितकं खाण्याची ती परवानगी होते, आणि उरलेले सहा दिवस त्याची वाट बघण्यात जातात. शिवाय आवडीचं खाणं म्हणजे फसवणूक, हा विचारच चुकीचा आहे. एक पदार्थ, एक वेळ, सोबतीला माणसं, एवढं पुरे.

स्वच्छ खाण्याचंही वेड लागू शकतं का?

लागू शकतं. अमेरिकन डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ मध्ये त्याला ऑर्थोरेक्सिया असं नाव दिलं. मनोविकारांच्या अधिकृत यादीत त्याची स्वतंत्र नोंद नाही, पण त्रास खरा आहे. लग्नाला जायचं टाळणं, मैत्रिणींबरोबर खाल्ल्यानंतर रात्रभर पश्चात्ताप, दर महिन्याला एक नवा पदार्थ बंद, दुसऱ्याच्या ताटाकडे बघून मनात हिशेब, ही लक्षणं. केस गळायला लागले, पाळी लांबली किंवा थांबली, सतत थंडी वाजायला लागली, तर शरीराला अन्न कमी पडतंय. कॉलेजच्या वयातल्या मुलींत, आणि आता जिमला जाणाऱ्या मुलांतही, घरच्यांनी याकडे लक्ष ठेवावं. ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ ही शाबासकी देण्याआधी ती काय जेवते ते बघा. अशा वेळी आहारतज्ज्ञाबरोबर मानसोपचारतज्ज्ञही लागतो आणि तो गाठायला लाजू नये.

हे सगळं आपणच सांभाळायचं? सरकार काही करत नाही का?

काही केलंय. खाद्यपदार्थांतल्या ट्रान्सफॅटवर, म्हणजे वनस्पती तुपासारख्या घट्ट केलेल्या तेलांत तयार होणाऱ्या घातक चरबीवर, जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. खारी-पॅटिससाठी ही मोठी गोष्ट होती. सप्टेंबर २०२५ पासून साखरेच्या फसफसत्या पेयांवर ४० टक्के जीएसटी लागतो. पण त्याच फेररचनेत बिस्किटं, नमकीन, नूडल्स आणि चॉकलेट ५ टक्क्यांवर आले, म्हणजे स्वस्त झाले.

चिलीने २०१६ पासून जास्त साखर-मीठ-चरबीच्या पाकिटांवर पुढच्या बाजूला काळा अष्टकोनी इशारा सक्तीचा केला. आपल्याकडे २०२२ मध्ये ताऱ्यांची श्रेणी देण्याचा मसुदा आला, सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या विषयासाठी मुदतही घालून दिली. माझं मत स्पष्ट आहे: तारे नकोत, इशारा हवा. अडीच तारे मिळालेलं बिस्कीट आईला चांगलंच वाटेल. जास्त साखरेचा काळा शिक्का मात्र ज्या आजीला वाचता येत नाही तिलाही कळेल.

घरात तेल किती लागायला हवं?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, म्हणून मीच विचारते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या दोन हजार कॅलरींच्या ताटात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला ते सव्वातीन किलोच्या आसपास जातं, म्हणजे तेल-तूप मिळून साधारण साडेतीन लिटर. आपल्या किराणा मालाच्या मागच्या तीन पावत्या काढा आणि किती आणलं ते बघा. पाच-सहा लिटर येत असेल आणि त्यात बाहेरचं खाणं धरलेलंच नसेल, तर आधी फोडणीचं तेल बाटलीतून थेट ओतायचं थांबवा आणि चमच्याने मोजून घाला. भाजीत, पोळीला, आमटीत, सगळीकडे. पुढच्या महिन्याची पावती या महिन्याच्या पावतीशेजारी ठेवून बघा.